अर्जीची खेळणी

मामंजी,

तुम्ही जाऊन आज सोळा दिवस झाले. आलेली माणसं आपापल्या गावी परत गेली. आत्याबाई दुपारच्या जरा कलंडल्यात, म्हणून हा कागद घेऊन बसले. कागद तुमचाच आहे, दौतही तुमचीच. बोरू मात्र मला तुमच्यासारखा धरता येत नाही. अक्षर वेडंवाकडं येतंय, तेवढं चालवून घ्या.

या घरात आले त्याला सात वर्षं झाली. शेवटचे दोन महिने सोडले, तर या सात वर्षांत मी तुमच्याशी जे काही बोलले ते मांजराच्या नावानं बोलले. तुम्हीही तसंच. सासऱ्यापुढं सुनेनं तोंड उघडायचं नाही, सासऱ्यानं सुनेला हाक मारायची नाही, ही आपल्याकडची रीत. ती तुम्ही केली नव्हती आणि मीही नव्हती. पण पाळली दोघांनी, आणि तिच्यातून वाटही दोघांनीच काढली. ती वाट एका मुठीएवढ्या पिल्लानं दाखवली, हे आज आठवलं की मला नवल वाटतं. इतकं नवल की रडू मध्येच थांबतं.

मी अक्कलकोटच्या बाजूची, चौथी मराठी शिकलेली, पंधराव्या वर्षी आळंदला आले. हे हैदराबादेला वकिलीच्या अभ्यासाला. घरात सासरे तुम्ही, सासू आत्याबाई आणि सून मी. तुम्ही कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचात. गावात तुमचा दरारा केवढा! कोणी लांबण लावली की तुम्ही बोरू खाली ठेवायचात आणि म्हणायचात, "रडणं घरी ठेवून ये, मागणं काय ते सांग." सकाळी खेड्यापाड्यांतली माणसं आपल्या ओसरीवरही येऊन बसत, आणि तुमच्या खोकल्याचा आवाज आला की नीट मांडी घालत. मीही आतल्या घरात पदर सारखा करायची. पाणी हवं असलं तर तुम्ही खांबाकडं बघून विचारायचात, "पाणी मिळंल काय?" मी तांब्या उंबऱ्यावर ठेवून मागं सरायची. पहिले सहा-सात महिने तुमचे पाय तेवढे मी पाहिले. चेहरा पाहिलाच नाही म्हटलं तरी चालेल.

पौषात तूर काढून झाली आणि तुराट्यांच्या पेंढ्या परसात रचल्या. त्या ढिगात एक मांजरी व्याली होती. तिला कुत्र्यांनी फाडलं. पिल्लांपैकी एकच उरलं, करड्या पट्ट्यांचं, डोळे नुकते निळ्याचे पिवळे व्हायला लागलेलं. मी चोरून त्याला दुधाचं बोट चाटवलं. आठ दिवसांत ते घरात आलं, आणि घरात आलं ते थेट तुमच्या मेजावर.

त्या सकाळी कडगंचीची एक बाई ओसरीवर बसली होती. तिच्या अर्जाचं तिसरं पान तुम्ही उर्दूत लिहीत होता. बोरू डावीकडं सरकायचा, की पिल्लाची मान डावीकडं. मी दाराच्या फटीतून बघत होते. पिल्लानं मागचं बूड हलवलं आणि झेप घेतली ती सरळ बोरूवर. दौत लवंडली. ओल्या शाईतून ते तुरुतुरु चालत गेलं आणि तिन्ही पानांवर त्याची पावलं उमटली.

आत्याबाई बाहेर आल्या. "बघा, बघा! मी म्हनत न्हवते? पोत्यात घाला आन मुडबीच्या गाडीवानाला द्या. तिकडं रानात सोडंल."

ती कडगंचीची बाई तर घाबरून उठूनच उभी राहिली. तुम्ही पानं उचलून उजेडात धरली. मला वाटलं, आता पिल्लू भिंतीवर आपटणार. तुम्ही म्हणालात, "माझ्या अगोदर हिनंच अर्ज दाखल केलाय की." मग त्या बाईला म्हणालात, "बस गं. पुन्ना लिहितो." आणि आत्याबाईंना, "तिला काम न्हाई म्हनून ती माझ्या कामात यायलीय. तिला तिचं काम दिलं की झालं."

त्या दिवसापासून पिल्लाचं नाव अर्जी पडलं.

काम म्हणजे खेळ, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तुम्ही कादर सुताराकडून लाकडाचा रंगवलेला भोवरा आणलात. कादर स्वतः तो द्यायला आला होता. ओसरीवर उभा राहून म्हणाला, "पंडत, सच बोलो. बिल्ली के वास्ते?"

"हौ," तुम्ही म्हणालात, "बिल्लीकेच वास्ते."

कादर हसत हसत गेला. तुम्ही भोवरा फिरवला, तो घरघरला, आणि अर्जी जी पळाली ती जात्यामागं जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. तुम्ही भोवरा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिलात. मग जे केलंत ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. डोक्याचा रुमाल काढून खुंटीला लावलात, शेरवानीची बटणं सोडलीत, आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर पालथे पडलात. गाल भुईला टेकलेला, एक डोळा मिटलेला. ज्या माणसापुढं अख्खं गाव मांडी आवरून बसायचं तो माणूस मांजराच्या उंचीवरून घर बघत होता.

आत्याबाई धावत आल्या. "अगं बाई! काय झालं? चक्कर आली काय?"

"गप. हितून भोवरा केवढा दिसतो ठाव हाय? रांजनायेवढा. मी आनला माझ्या आवडीचा. तिची आवड कोन विचारायची?"

मी दाराआड होते. तुम्हाला मी दिसत होते की नाही, ठाऊक नाही. त्या क्षणी माझं तुमच्याबद्दलचं भय गेलं आणि त्याच्या जागी दुसरं काहीतरी आलं. देवळात गाभाऱ्याच्या अंधाराला डोळे सरावले की मूर्ती हळूहळू दिसायला लागते ना, तसं काहीसं.

मग महिनाभर तुमचा शोध चालला. कचेरीतून येताना खिशातून काहीबाही आणायचात. चिंचोके आणलेत, पण आधी एक चिंचोका अर्जीच्या नाकाशी धरलात आणि लगेच परत खिशात टाकलात. खांबाला म्हणालात, "तोंडात मावंल ते खेळनं न्हवं." तेव्हा मला समजलं की खांबाशी बोलणं आता पाण्यापुरतं राहिलेलं नाही. सागरगोटा तिला आवडला, तो घरंगळायचा, पण सारखा कणगीखाली जायचा. मग ती कणगीसमोर बसून रडायची, आणि तुम्ही काठीनं तो काढून द्यायचात. मोरपीस तिनं एका दिवसात चावून टाकलं. घुंगराला ती भ्यायली. कापडाचा चेंडू हुंगला आणि त्याच्यावर झोपली.

शेवटी ज्याला तिनं जीव लावला ते परसातच पडलेलं होतं. तुराटीला एखादी शेंग चुकून राहिलेली असते, वाळलेली, आत दाणे सुटे झालेले. तुम्ही ती तुराटी भिंतीच्या कोपऱ्यातून हळूच पुढं सरकवली. शेंग वाजली, न वाजल्यासारखी. उंदीर पाचोळ्यात चालला तर होईल एवढाच आवाज. अर्जीचे कान पुढं वळले. तिच्या डोळ्यांतलं काळं वाढत वाढत गेलं, पिवळा रंग काठाला दोऱ्याएवढा उरला. ती इतकी स्थिर झाली की मिशीचा केसही हलेना. आणि मग ती उडाली. उडाली हाच शब्द. चारी पाय जमिनीपासून सुटलेले, पाठीची कमान, हवेतच अंग वळलेलं. एवढ्याशा जिवात हे कुणी भरलं होतं? तिची आई तर तिला काही शिकवायच्या आत मेली होती.

तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "बघ. न शिकवता आलंय."

'बघ' कुणाला म्हणालात? आत्याबाई विहिरीवर होत्या. खांबाकडं तुमची पाठ होती.

त्यानंतर तुराटीच्या टोकाला तुम्ही चिंधी बांधलीत, चांगली दोन बोटं रुंद. ज्वारीच्या धाटातलं भेंड, तो पांढरा हलका गर, कोरून उंदीर केलात. तो एवढा हलका की ती तोंडात धरून मान उंच करून घरभर मिरवायची. सगळी खेळणी तुम्ही एका टोपलीत झाकून ठेवायचात आणि रोज एकच काढायचात. "सगळी एकदम दिली तर चार दिवसांत जुनी व्हतील. अर्जी, तुझ्या बाईला सांग, टोपली उघडी ठेवायची न्हाई." तुझी बाई म्हणजे मी. मी चुलीपाशी बसून मोठ्यानं म्हणायची, "अर्जे, सांग की, टोपली उघडी मी न्हाई ठेवली, तूच पाडलीस." ओसरीवरून खोकल्याचा आवाज यायचा. तो हसण्याचा होता हे मला ओळखू यायला लागलं होतं.

तुमचा आणखी एक नियम होता. तुराटी कितीही पळवली तरी शेवटी चिंधी तिच्या पंजात सापडू द्यायची. एकदा मी खेळवत होते आणि गंमत म्हणून शेवटपर्यंत सापडू दिली नाही. ओसरीवरून आवाज आला, "अर्जी, तुझ्या बाईला म्हनावं, येवढं पळवून हाती काही लागलं न्हाई तर जीव कुढतो. माझ्याकडं रोज येतात तसली मान्सं. पाच पाच वर्षं हेलपाटे घालायलेत." मी हात थांबवला. अर्जीनं चिंधी धरली, दोन्ही पायांनी तुडवली आणि शांत झाली. त्या दिवशी मला तुमच्या लिंबाखालच्या बसण्याचा अर्थ लागला. माणसांच्या रडण्यावर तुम्ही चिडायचात का, तेही समजलं.

आता ते सांगते जे सांगायचं राहिलं.

तुम्ही खांबाला बजावून ठेवलं होतं, "सूत, दोरा, रेशीम, काही तिच्यापुढं पडू द्यायचं न्हाई." मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची काळजी. खरं सांगायचं तर मला थोडा हेवाही वाटत होता. सगळी खेळणी तुमची. माझं एकही नाही. माहेरून येताना आईनं वेणीला लाल रेशमाचा गोंडा दिला होता. एका दुपारी आत्याबाई शेजारी गेल्या होत्या. मी तो गोंडा सोडून अर्जीपुढं नाचवला. ती वेडी झाली. मी इतकी हसले, आळंदला आल्यापासून तेवढी हसलेच नव्हते. भाकरी टाकायला वळले आणि परत बघितलं तर तिच्या तोंडातून वीतभर लाल धागा लोंबत होता. ती मान झटकत होती, ओकाऱ्या काढत होती. मी धावले. धाग्याचं टोक धरलं.

"ओढू नको, पोरी!"

तुम्ही जेवायला आला होता. चपला काढायच्याही राहिल्या. तशाच पायांनी चुलीपर्यंत आलात. मी एकटी असताना कधी उंबरा ओलांडला नव्हता तुम्ही. माझ्या हातावर हात ठेवून बोटं एकेक करून सोडवलीत.

"ओढलं तर आतून कापंल. सोड. सोड बघू. कामून रडायलीस? न्हाई मरत ती."

मग खाली बसलात. अर्जीला मांडीवर घेतलंत, धागा तसाच लोंबत ठेवून तिच्या जिभेला तुपाचं बोट लावत राहिलात. संध्याकाळपर्यंत धागा आणखी आत गेला. दुसऱ्या दिवशी तिनं काही खाल्लं नाही, कोपऱ्यात अंग आखडून बसली. आणि तुम्ही कचेरीत गेला नाहीत. तापातही जाणारा माणूस! ओसरीवर आलेल्या लोकांना आत्याबाईंनी सांगितलं, "उद्या या." का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणी खरं मानलं नसतं.

त्या दुपारी तुम्ही आतल्या घरात भिंतीला टेकून बसला होता, अर्जी मांडीवर. मी चुलीपाशी. तुम्ही तिच्या पाठीवरून हात फिरवत तिला सांगू लागलात. तिलाच सांगत होता. "ऐक अर्जी. मी आठ वर्षांचा होतो. माझ्या अक्काची एक मांजर होती, पांढरी. तिनं असाच दोरा गिळला. अक्का घरात न्हवती. मी धरून वढला. वढला तसा आला, रगत लागून. तिन्हीसांजेला मांजर मेली. मी उकिरड्यात पुरली आन अक्काला सांगितलं, कुत्र्यानं नेली. अक्का चार दिवस गल्लीत हाका मारत फिरली. पुढं तिचं लगीन झालं, औरादकडं दिली. पहिल्या बाळंतपणातच गेली. सांगायचं राहिलं ते राहिलंच."

मग तुम्ही म्हणालात, "पन्नास वर्षं झाली. आज पयल्यांदा कुनाला सांगायलोय."

मी पदर तोंडाशी धरून बसले होते. मला म्हणायचं होतं, मामंजी, चुकलं माझं. मला म्हणायचं होतं, तुमची अक्का रागावली नसती. रीत आड आली, की मी भ्याले, काय झालं कोण जाणे. मी उठून चुलीत उगाच फूक मारली.

तिसऱ्या दिवशी सकाळी धागा पडला. परसातून तुमची हाक आली, "अगं, आला! बाहेर आला सगळा!" आत्याबाईंना वाटलं, पाहुणा आला. त्या हातात तांब्या घेऊन धावल्या. त्या दिवशी अर्जी वाटीभर दूध प्याली आणि तुम्ही चार भाकरी खाल्ल्यात. रीत परत आपल्या जागी बसली. तुम्ही खांबाशी आणि अर्जीशी बोलू लागलात. पण 'पोरी' ही हाक मी जपून ठेवली. ती तुम्ही पुन्हा कधी मारली नाहीत. गरजही नव्हती. एकदा मारलेली सात वर्षं पुरली.

मग आपला तो वाद. तुमचं म्हणणं, खेळ म्हणजे शिकारीची तालीम, दुसरं काही नाही. "वाघाचं पोर असो की मांजराचं, पोटासाठी शिकायलंय." मी अर्जीला म्हणायची, "त्यांना सांग, पोट भरल्यावर तू उन्हाच्या कवडशामागं का पळतीस? कवडसा काय खायचा असतो?" तुम्ही म्हणायचात, "तालमीत पैलवान हवेत दांडपट्टा फिरवतो, ते काय हवा कापायला?" मी दोन दिवस उत्तर शोधायची. भाजी निवडताना सापडलं की लगेच अर्जीला हाक मारायची. अर्जीनं मोठी होऊन कोठीतले उंदीर मारायला सुरुवात केली आणि खेळणं सोडलं, तेव्हा तुम्ही टोपली माळ्यावर टाकलीत आणि म्हणालात, "बघ. शिकून झालं, आखाडा सुटला." मी हरले. पण मला पटलं नव्हतं.

तिची पिल्लं किती घरांत गेली! मुडबीला दोन, कडगंचीला तीन, बाकीची इथंच गल्लीत. अर्ज लिहून घ्यायला आलेला शेतकरी पिल्लू उपरण्यात बांधून निघाला की तुम्ही त्याला थांबवायचात. भेंडाचा एक उंदीर हातावर ठेवायचात. "सूत देऊ नको. शेंग दे तुरीची. आन शेवटी सापडू दे तिला, समजलं काय?" तो बिचारा "व्हय जी, व्हय जी" करत मागं सरत जायचा. त्याला वाटायचं, हाही कचेरीचाच काही हुकूम असावा.

आश्विनात तुमचं उजवं अंग गेलं. हात गेला, जीभ गेली. दुनियेचं गाऱ्हाणं कागदावर उतरवणारा माणूस, त्याला पाणी मागता येईना. आत्याबाईंचे हात कापतात, म्हणून पेज मी भरवायची. पहिल्या दिवशी चमचा घेऊन बसले आणि म्हणाले, "मामंजी, तोंड उघडा." बोलून गेल्यावर ध्यानात आलं की मी काय बोलले. ज्यांच्यापुढं मी तोंड उघडायचं नव्हतं त्यांनाच तोंड उघडायला सांगत होते. तुमच्याही ध्यानात आलं असणार. तुमच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला.

मग मी बोलतच सुटले. सात वर्षांचं साठलेलं. माहेरचं, शाळेचं, यांच्या पत्रांचं. तुम्ही ऐकायचात. कुणी मध्ये आलं तरी मी थांबले नाही, आणि आत्याबाईंनी एकदाही डोळे वटारले नाहीत.

एका दुपारी अर्जी तुमच्या पायाशी वाकळीवर झोपली होती. सात वर्षांची, जाड झालेली, उंदीरही आता मनात आलं तर मारणारी. वाकळीखाली तुमच्या डाव्या हाताचं बोट हललं. आधी मला वाटलं, काही हवंय. मग बोट सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं. अर्जीचा एक कान वळला. तिनं डोळे उघडले, आणि मामंजी, त्या डोळ्यांतलं काळं तसंच वाढत गेलं, काठाला दोऱ्याएवढा पिवळा राहीपर्यंत. तिनं म्हाताऱ्या बाईसारखं अंग गोळा केलं, बूड हलवलं आणि उडी मारली. वाकळीवरून तुमच्या बोटावर. मी धावले, ओरबाडील म्हणून. वाकळ वर केली तर तिचे दोन्ही पंजे तुमच्या बोटाभोवती, आणि नखं आत ओढलेली. एक ओरखडा नाही. तुम्ही हसत होता. आवाज फुटका येत होता, पण हसणंच होतं ते.

मी म्हणाले, "आता सांगा मामंजी. ही कशाची तालीम? कोणती शिकार शिकायचीय हिला या वयात? आणि तुम्हाला?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत, कितीतरी वेळ. घशातून एक 'अं' आला. तो होकार होता की "थांब, उत्तर देतो" होतं, मला कळलं नाही. त्याच दिवशी मनात आलं होतं, गोंड्याचं बोलून टाकावं. म्हटलं, उद्या. अकरा दिवस मिळाले त्यानंतर. अकराही दिवस मी उद्या म्हटलं. तुमच्या अक्काच्या बाबतीत तुमचं कसं झालं असेल ते मला आता समजतं. म्हणून लिहिते. मामंजी, गोंडा मी दिला होता, तुम्ही नको म्हणत असताना दिला होता. चुकलं माझं. आणि त्या दिवशी तुम्ही मला रागावला नाहीत, हे तर मला अजून पेलत नाही.

तुम्ही गेलात ती सकाळ. हे हैदराबादेहून दोन दिवस आधीच आले होते. प्रेतावरून मांजर जाऊ नये, म्हणून शेजारणींनी अर्जीला कोठीत कोंडलं. ती आतून दार ओरखडत राहिली. तुम्हाला नेलं, पुरुष सगळे गेले. बायकांनी जमीन सारवली, दिवा लावून त्यावर टोपलं झाकलं. आत्याबाई दिव्याजवळ बसल्या होत्या. त्यांनी सकाळपासून डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. मी कोठीचं दार उघडलं.

अर्जी आली. तुम्ही होतात ती जागा तिनं हुंगली. ओल्या सारवणावर थबकली, पंजा झटकला. भिंतीशी तिरडीवरून गळलेलं झेंडूचं एक फूल पडलं होतं. तिनं ते पंजानं हलवलं. ते घरंगळलं. तिनं पुन्हा मारलं, आणि त्याच्यामागं धावली.

शेजारीण ओरडली, "अगं, हाकला त्या मांजराला! मेल्या घरात काय खेळायलंय!" तिनं केरसुणी उचलली.

आत्याबाई म्हणाल्या, "राहू दे."

फूल घरंगळत त्यांच्या गुडघ्यापाशी येऊन थांबलं. सात वर्षांत आत्याबाईंनी अर्जीला हात लावला नव्हता. त्यांनी फुलाकडं बघितलं, मग एका बोटानं ते पुढं ढकललं. अर्जीनं झेप घेतली, परत मारलं. फूल माझ्याकडं आलं. मी ते आत्याबाईंकडं ढकललं. त्या रडत होत्या, आता कुठं त्यांना रडू फुटलं होतं, आणि रडता रडता बोट पुढं करत होत्या. शेजारीण केरसुणी धरून तशीच उभी राहिली, मग तीही भिंतीला टेकून खाली बसली.

ओढ्यावरच्या स्मशानातून पुरुष परत येईपर्यंत आम्ही तशाच होतो. दारात पायांवर पाणी घेतल्याचा आवाज आला, तेव्हा आत्याबाईंनी फूल उचललं आणि कुणाला दिसायच्या आत लुगड्याच्या ओच्यात घालून वर गाठ मारली.